न करपलेली ओळ

१

काचघरातला गुन्हा उघडकीला आला तो कुणीच मेलं नाही म्हणून.

अगदी मरायलाच हवं होतं असं नाही, पण निदान आजारी तरी पडायला हवं होतं. गव्हाच्या कुंड्यांच्या दोन ओळी होत्या. दोन्हींना मिठाचं पाणी. डाव्या ओळीला मिठाच्या जोडीला सिलिकॉनचं खत, उजवीला नुसतंच मीठ. त्यामुळे डावीला सगळे ‘जेवलेली’ म्हणायचे आणि उजवीला ‘उपाशी’. उपाशी ओळीनं पिवळं पडावं, शेंडे करपवून घ्यावेत आणि मान टाकावी, एवढंच तिच्याकडून अपेक्षित होतं. पण चौघांची समिती चष्मे पुसत आत आली तेव्हा उपाशी ओळ हिरवीगार उभी होती. चांगली दोन वेळ हादडून आल्यासारखी.

समितीनं दोन्ही ओळींची शेंड्याजवळची पानं स्वतःच्या हातानं खुडली, स्वतः तपासली. आकडे सारखेच आले.

हे आकडे कसले, तर रोपाच्या अग्निशामक दलाचे. मिठाचा मारा झाला की रोपाच्या पेशीत प्राणवायूच बिथरतो. ज्याच्यावर जगायचं तोच उलटतो आणि पेशी आतून जळायला लागते. ते विझवायला रोपाजवळ स्वतःची विकरं असतात, कॅटलेज आणि तिची भावंडं. सिलिकॉन मिळालेल्या गव्हात हे दल जोमानं धावतं, न मिळालेल्यात धापा टाकतं, असं एका संशोधक मुलीनं आधीच्या प्रयोगात दाखवलं होतं. काचघरात तिला सगळे गहूताई म्हणत. तिचा फरक इतका ठसठशीत होता की कुणाला तरी शंका आली, आणि समितीनं तोच प्रयोग पुन्हा करायला लावला.

आता फरक शून्य. म्हणजे पहिले आकडे बनावट. म्हणजे हातातोंडाशी आलेली पदवी गेली. समुद्रापलीकडच्या विद्यापीठात तिला शिकवण्याची जागा मिळाली होती, तीही गेली. आणि ‘खोटारडी’ हा शिक्का तेवढा कायमचा.

चौकशी चाळणीबाईंकडे आली. बाई माती विभागातल्या. उभा जन्म माती चाळण्यात गेला म्हणून हे नाव. त्यांना चौकशा द्यायचं कारण म्हणजे मागे एकदा संस्थेची लिफ्ट मुद्दाम कोण बंद पाडतं हे त्यांनी शोधून काढलं होतं. ते संचालक निघाले. बाईंची बढती राहिली ती राहिलीच, पण कीर्ती झाली.

बाई काचघरात गेल्या, उपाशी ओळीतल्या एका रोपाचं पातं बोटांच्या चिमटीत धरून खालून वर ओढलं, आणि हात झटकला.

बोटावर बारीक रक्त आलं होतं. गव्हाच्या पात्याला धार येते ती सिलिकॉननं; उपाशी रोपाच्या पात्याला इतकी धार नसते.

२

“सोपं आहे हो बाई,” विभागप्रमुख म्हणाले. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत, आणि तेही स्वतःला मनात तेच म्हणत असावेत. “आधीचे आकडे खोटे होते, आताचे खरे आहेत. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा.”

“आधीच्या आकड्यांवर निघालेल्या निबंधात तुमचंही नाव आहे, सर.”

“ते विश्वासानं घातलं होतं.”

“कोणी?”

“मीच.”

बाईंनी पुढचा प्रश्न काढला. “काचघरात तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?”

“उद्घाटनाला.”

“आणि आत काय पाहिलंत?”

“आत कशाला? फीत बाहेर होती.”

सरांना संशयितांतून वगळताना बाईंना थोडं वाईट वाटलं. त्यांनी ते केलं असतं तर बरं झालं असतं, असा माणूस. पण ज्याला नळ कुठे आहे ते ठाऊक नाही, तो कुंड्यांना खत कुठून घालणार?

दारात एक तरुण घुटमळत होता. सरांचा दुसरा विद्यार्थी. सतत सरांभोवती फिरायचा म्हणून त्याला उपग्रह म्हणत. काचघराची एक किल्ली त्याच्याकडे होती.

“मी काही केलेलं नाही,” तो न विचारता म्हणाला.

“मी अजून काही विचारलेलं नाही.”

“नाही, पण विचाराल ना. गहूताईच्या जागेसाठी मीपण अर्ज केलाय, हे तुम्हाला कळणारच. सरांनी शिफारसही दिलीय.” तो सरांकडे पाहून ओशाळला. “दोघांनाही दिलीय.”

“शिफारस कुणालाही देता येते,” सर उदारपणे म्हणाले.

“तुझ्या हाताशी सिलिकॉनचं खत होतं?”

“होतं की. प्रयोगशाळेच्या कपाटात बाटली आहे, पोटॅशियम सिलिकेटची. कपाटाला कुलूप नाही. कुणीही घ्यावं. पण बाई…” त्यानं आवाज खाली आणला. “ती नसताना काचघरात रोज एक माणूस यायचा. आमच्यातला नाही तो.”

३

माळ्याला सगळे मामा म्हणत. मामा स्वतः सोडून सगळ्या जगावर नाराज होते.

“येत होते ना, जावईबापू!” ते म्हणाले. “गहूताईचा नवरा. आम्ही जावई म्हणतो. सासरी आल्यासारखे यायचे, चहाची वाट पाहायचे आणि जायचे.”

“कधी?”

“ताई कांजिण्यांनी घरी पडली होती तेव्हा. रोज संध्याकाळी. थर्मामीटर बघायचे, फोटो काढून बायकोला पाठवायचे. मला म्हणाले, मामा तुम्ही जा, पाणी मी घालतो. मी म्हटलं, देव तुमचं भलं करो. गेलो.”

“रोज?”

“मग? आपण होऊन काम मागणाऱ्याला नाही कशाला म्हणायचं? या संस्थेत असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.”

“मामा, समजा ती कपाटातली बाटली तुम्हाला उपाशी ओळीला घालायची असती, तर कशी घातली असती?”

मामांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पाणी कसं पितात हे विचारलं. “उघडून. ओतून. दुसरं काय? औषध कडू असलं तरी गिळतोच ना आपण?”

बाईंनी हे मनात टिपून ठेवलं आणि कामाला लागल्या. उपाशी ओळीतली दोन रोपं निवडली. त्यांची पानं एकेक करून, बुंध्याकडून शेंड्याकडे, वेगवेगळी खुडली. प्रत्येक पान वेगळ्या मुशीत जाळलं. भट्टीशेजारी स्टूल ओढून बसल्या. जन्मभर मातीची राख-रांगोळी केलेल्या बाईला पानाची राख करणं म्हणजे हातचा मळ.

राख थंड झाली आणि बाई स्टुलावरून उठल्याच.

खालच्या पानांत सिलिकॉन जवळजवळ नव्हतं. वरच्या पानांतही नव्हतं. मधल्या पानांत मात्र ठासून भरलं होतं.

४

गहूताई बाईंसमोर बसली तेव्हा तिच्या कपाळावर कांजिण्यांचे वण अजून ताजे होते. तिशीत कांजिण्या होणं हे आधीच अपमानास्पद, त्यात ती खोटारडी ठरली होती. डोळे कोरडे होते. रडणं दोनतीन दिवसांपूर्वी संपलं असावं.

“माझे पहिले आकडे खरे होते,” ती म्हणाली. “एवढंच सांगायचंय. बाकी तुम्ही काय लिहायचं ते लिहा.”

“सिलिकॉन पानात गेलं की पुढे कुठे जातं?”

“कुठेच नाही. तिथेच काचेसारखं घट्ट बसतं. नत्राचं वेगळं, ते जुन्या पानातून निघून नव्यात जातं. सिलिकॉन एकदा बसलं की हलत नाही. सरांसारखं.” ती हसली नाही. “का विचारताय?”

“म्हणजे ज्या पानात ते सापडेल, ते पान वाढत असताना कुणीतरी खाऊ घातलेलं असणार.”

“हो…” गहूताई ताठ बसली. “उपाशी ओळीत सापडलं?”

“मधल्या पानांत. तू आजारी पडायच्या आधीची पानं रिकामी. तू परत आल्यावर फुटलेली पानंही रिकामी. मधली तेवढी भरलेली, आणि तू परतलीस त्याच सकाळी समितीनं खुडली तेव्हा तीच शेंड्याला होती. तू काही बनवलेलं नाहीस. तू अंथरुणात असताना तुझी उपाशी ओळ कुणीतरी जेवायला घालत होतं.”

गहूताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणीतरी आपला घात केला हे ऐकून एखाद्याला इतका आनंद झालेला बाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

“उपग्रहानं,” ती हातांआडून म्हणाली. “त्यानंच.”

“असेल. मला एक सांग, ते खत सरळ बाटलीतून ओतलं तर?”

“अहो, मुळं भाजतील! सिलिकेट म्हणजे साबणाच्या सोड्यासारखं जहाल. आधी पुष्कळ पाणी, मग थेंबथेंब आम्ल घालून शांत करायचं. घाई केली तर त्याची जेली होते. मला स्वतःला जमायला किती दिवस लागले. सुरुवातीला आख्खी ओळ जाळली होती मी.”

“उपाशी ओळीचं एकही मूळ भाजलेलं नाही.”

“म्हणजे मामा नाहीत,” गहूताई म्हणाली. “माहीतगार माणूस आहे. मग उपग्रहच की.”

“तुझा नवरा कसा आहे?”

“तो?” तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “त्याच्यामुळे तर प्रयोग वाचला. कारखान्यातून दमून सरळ इथे यायचा. त्याला माझ्या कामातलं काय कळणार म्हणा, पण ऐकतो. आई म्हणते, जेवताना ते कॅटलेज बंद कर. मैत्रिणी फोन ठेवतात. तो एकटा ऐकतो.”

“कसला कारखाना?”

“कमोडचा,” गहूताई म्हणाली. “आणि वॉशबेसिन. पण मुख्य म्हणजे कमोड.”

५

बाईंनी दोन्ही ओळींच्या कुंड्यांतली माती चाळली आणि तपासली. हे काम त्या झोपेतही करू शकल्या असत्या, आणि काही बैठकांत करतही असत.

मिठात सोडियम आणि क्लोराइड नेहमी जोडीनं येतात. नवराबायकोसारखे, पटो न पटो. जेवलेल्या ओळीच्या मातीत, खत शांत करायच्या आम्लाचं थोडं क्लोराइड वगळलं तर, ते जोडीनंच होते. उपाशी ओळीच्या मातीत सोडियम जास्त भरला. क्लोराइड होतं तेवढंच. कुठून तरी सोडियम एकटाच येऊन राहिला होता.

बाईंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

प्रयोगशाळेतली बाटली पोटॅशियम सिलिकेटची. ती वापरली असती तर पोटॅशियम वाढलं असतं. इथे सोडियम वाढला, म्हणजे उपाशी ओळीला मिळालेलं खत सोडियम सिलिकेटचं होतं. ते बाहेरून आणलेलं. उपग्रहाच्या नाकासमोर बिनकुलपाचं कपाट असताना तो बाहेरून कशाला आणेल? बाहेरून आणतो तो, ज्याच्याकडे कपाट नसतं पण पिंप असतं.

आणि सोडियम सिलिकेटची पिंपं कुठे असतात हे माती विभागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चिकणमातीच्या घट्ट चिखलात ते थोडंसं घातलं की पाणी न वाढवता चिखल दुधासारखा वाहतो आणि साच्यात ओतता येतो. कपबश्यांच्या साच्यात. वॉशबेसिनच्या साच्यात.

पण मुख्य म्हणजे कमोडच्या.

६

कारखान्याच्या साच्यांच्या विभागात गहूताईचा नवरा बाईंना भेटायला पुढे आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. नम्र माणूस. त्यानं बाईंसाठी खुर्ची शोधली, मिळाली नाही, म्हणून फडक्यानं पुसून एक नवाकोरा कमोड पुढे केला. झाकणासकट. बाई बसल्या. चौकशीच्या आयुष्यात याहून अवघड खुर्चीवर त्या बसल्या होत्या.

“माझी बायको सुटेल ना हो?” त्यानं विचारलं.

“कशातून?”

“या भानगडीतून.”

“भानगडीतून सुटेल. तुम्ही आम्ल कुठलं घातलंत?”

त्यानं मान वळवली. मागे एक माणूस साच्यात चिखल ओतत होता. चिखल खरंच दुधासारखा वाहत होता.

“तुमच्या पिंपातलं पाणी जहाल असतं,” बाई म्हणाल्या. “ते तसंच घातलं असतं तर ओळ जळाली असती. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक वापरतात, ते घातलं असतं तर क्लोराइड वाढलं असतं. ते वाढलेलं नाही. मग?”

“व्हिनेगर,” तो शेवटी म्हणाला. “घरचं.”

“छान.”

“पण मी एकही रोप मारलेलं नाही, बाई!” तो एकदम पुढे झाला. “उलट जगवली. बिचारी ती ओळ नुसती मीठ पीत उभी. एकीला द्यायचं आणि एकीला नाही, हा कुठला न्याय? मला बघवेना. दया आली, म्हणून घातलं. दया हा काय गुन्हा झाला?”

क्षणभर बाईंना वाटलं, असं असतं तर किती बरं झालं असतं. पंक्तिप्रपंच न बघवलेला भोळा नवरा. अहवालात शोभला असता.

“दया आली, तर बायकोला का नाही सांगितलंत? ती रोज फोटो बघत होती. उपाशी ओळ हिरवी का दिसत नव्हती फोटोंत?”

त्यानं फडक्याची घडी घातली.

“ती म्हणते, फोटोंत उपाशी ओळ पिवळीच होती. मी ते तिच्या फोनवर पाहिले. प्रत्येक फोटोत कडेची तीच एक कुंडी आहे. ती एकच तुम्ही खरोखर उपाशी ठेवलीत. फोटोसाठी. आणि समिती यायच्या आधी ती कुंडी गेली कुठे?”

“फुटली,” तो म्हणाला.

“दया तिच्यापर्यंत पोचलीच नाही म्हणायची.”

नवरा खाली बसला, चिखलाच्या पिंपाला टेकून. त्याचा आवाज अगदी साधा झाला, हिशेब संपलेल्या माणसाचा असतो तसा. “ती गेली असती.”

“कुठे?”

“तिकडे. समुद्रापलीकडे. पदवी मिळाली की जाणार होती. आधी वर्षभर, मग कायमची. तिथे गेलेलं कोण परत येतं? मी म्हटलं, एक प्रयोग फसला तर फसला. राहील इथेच. मी जन्मभर सांभाळलं असतं तिला.”

“तिला खोटारडी ठरवतील, हे ठाऊक नव्हतं?”

“नुसतं नापास करतील असं वाटलं होतं. नापास झालेल्या बायकोवर माझा काही राग नव्हता.”

“तुम्हीही गेला असतात तिच्याबरोबर.”

“तिकडे कमोडचे कारखाने नाहीत.”

“चौकशी केलीत?”

त्यानं पांढऱ्या हातांकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

७

समितीची बैठक दुपारी ठरली होती. त्याआधी बाईंनी गहूताईला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सगळं क्रमानं सांगितलं. पानं कधीची, सोडियम कुठला, व्हिनेगर कुणाचं, फोटोतली कुंडी. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. ऐकण्याचं काम आज तिच्याकडे होतं.

“सर म्हणतात, अज्ञात व्यक्तीनं केलं असं लिहिलं तर चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “अज्ञात म्हणजे तूच, असं समिती धरणार. नाव लागेल, आणि किल्ली त्याला तूच दिलीस हे तुझ्या सहीनं लागेल. सही केलीस तर तुझे पहिले आकडे उभे राहतात. पदवी राहते. तिकडची जागाही राहील बहुतेक.”

“आणि नाही केली तर?”

“तर घर राहील.”

गहूताई खिडकीकडे बघत बसली. बाहेर उपग्रह फेऱ्या मारत होता. त्याला बिचाऱ्याला अजून कुणी निर्दोष असल्याचं सांगितलं नव्हतं.

“एकदा जेवताना,” ती म्हणाली, “त्यानं मधेच विचारलं, आम्ल किती घालायचं ते कसं कळतं गं? लग्न झाल्यापासून त्यानं माझ्या कामाबद्दल विचारलेला पहिला प्रश्न. मला इतकं बरं वाटलं. मी ताट बाजूला सारलं आणि पेल्यात पाणी घेऊन करून दाखवलं. हळू कसं ओतायचं, ढवळायचं कसं, कुठे थांबायचं. आईला फोन करून सांगितलं, आता तो विचारतो म्हणून.”

 बाई जन्मभर चाळत आल्या होत्या, आणि हे चाळणीत उरणारही नव्हतं आणि खालीही पडणार नव्हतं.

“एकही मूळ नाही भाजलं?” गहूताईनं विचारलं.

“एकही नाही.”

“जेली नाही झाली? कुठेच?”

“नाही.”

“माझ्या आधीच्या मदतनिसाला हे वर्षभरात जमलं नव्हतं. मला स्वतःला किती दिवस लागले.” तिनं डोळे पुसले. ओलं काही नव्हतं, नुसती सवय. “याला एका जेवणात जमलं.”

“हो.”

“म्हणजे शिकवते मी बरी,” गहूताई म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागितलं.